‘ताई, एक विचारू का?’ : नेट, मोबाईल आणि आपण, सिडकोतल्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला सिडकोत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत मी सेतूवाली ताई. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पॅनकार्ड, ॲडमिशनचे फॉर्म, झेरॉक्स. पण खरं सांगू का, निम्मा वेळ जातो तो लोकांच्या मोबाईलमध्ये डोकावण्यात, दाखल्याचे कागद घेता घेता माणूस हळूच फोन पुढे सरकवतो आणि आवाज खाली करून म्हणतो, ताई जरा हे बघा ना. तो खाली केलेला आवाज मला आता लांबूनच ओळखू येतो. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाच लिहून ठेवते, क्रम बिम काही नाही, जसं आठवलं तसं.

या नेटनं सगळ्यांचं वाटोळं केलंय, एक तरी फायदा सांगा बरं?

हे विचारणारे काका स्वतः रांगेत उभं राहून रील बघत असतात ते सोडा. फायदा माझ्यासमोर रोज उभा असतो हो. पेठ-सुरगाण्याकडचा माणूस पूर्वी एका सातबाऱ्यासाठी तलाठी भाऊसाहेब सापडेपर्यंत दोन-तीन चकरा मारायचा, एसटीचं भाडं वेगळं आणि बुडालेला रोज वेगळा, आता डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि बँकेतही चालतो. मुक्त विद्यापीठ तर आपल्या नाशिकचंच, १९८९ पासूनचं, माझ्या शेजारची वहिनी दोन मुलं झाल्यावर तिथून बी.ए. करतेय, फॉर्म, फी, हॉल तिकीट सगळं स्वयंपाक करता करता मोबाईलवर. आणि माझ्या सासूबाई, गुडघे गेले तशी वारी सुटली, पण निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून निघाली की पंढरपूरला पोचेपर्यंत रोज कुणी ना कुणी व्हिडिओ टाकतं आणि त्या पलंगावर बसून टाळ्या वाजवत बघतात. वाटोळं म्हणणाऱ्यानं एकदा त्यांचा तो चेहरा बघावा.

शेतकऱ्याला काय उपयोग? भाव तर व्यापारीच ठरवतो.

बरोबर आहे. निफाडच्या माणसाला लासलगाव बाजार समितीतला कांद्याचा आजचा भाव ट्रॅक्टर भरायच्या आधी मोबाईलवर कळतो, पण भाव कळतो म्हणून वाढत नाही ना. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा बातमी शेतात पोचायला काही मिनिटं लागली असतील, भाव पडायचे ते पडलेच. तरी द्राक्षवाल्यांना विचारा, पाऊस येणार का, दव किती, पानावर डाऊनी रोग दिसतोय तर कुठली फवारणी, पानाचा फोटो ग्रुपवर टाकला की दहा बागाईतदार उत्तर देतात. पूर्वी हे शहाणपण एका गावात अडकून पडायचं. फक्त त्याच ग्रुपवर ‘अमुक औषध, खात्रीशीर, आधी पैसे पाठवा’ असं कुणी अनोळखी नंबरवरून टाकलं की तिथे थांबायचं.

ताई, पैसे कट झाले. आता?

वाचणं नंतर करा, आधी १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, देशभर एकच. लोक काय करतात, आधी नवऱ्याला की मेव्हण्याला विचारू, मग बँकेची शाखा उघडू दे, मग उद्या बघू. तोपर्यंत चोर थांबतो का? तुमच्या खात्यातून गेलेले पैसे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात फिरतात आणि मग कुठल्या तरी एटीएममधून काढले जातात, या साखळीत जिथे पैसे अजून पडून असतील तिथे ते गोठवता येतात, म्हणून पहिला तास-दोन तासच खरे. फोन लावताना हाताशी ठेवा: कुठली बँक, किती रक्कम, किती वाजता, आणि व्यवहाराचा तो लांबलचक नंबर. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर तक्रार पूर्ण करायची, नंबर जपून ठेवायचा. नाशिक शहराचं वेगळं सायबर पोलीस स्टेशन आहे, ग्रामीणचं वेगळं, पण तिथे जाण्यासाठी फोन थांबवू नका.

बँक पैसे भरून देते का?

कधी देते, कधी नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम असा आहे की चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुठेतरी गडबड झाली, आणि बँकेकडून कळल्यावर तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला लेखी कळवल्याची वेळ फार महत्त्वाची, तोंडी सांगून येऊ नका, ईमेल करा किंवा अर्जावर शिक्का मारून घ्या.

पैसे मिळण्यासाठी पिन टाकायला सांगतायत, टाकू का?

नाही. पैसे यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. जुना सोफा विकायला टाकला की फोन येतो, ‘मी मिलिटरीत आहे, बदली झाली, क्यूआर पाठवतो स्कॅन करा’. आपल्याकडे लष्कराचा देवळाली कॅम्प शेजारीच, त्यामुळे मिलिटरीवाला म्हटलं की नाशिकच्या माणसाचा पटकन विश्वास बसतो आणि तो बसू नये असंही मला म्हणवत नाही. पण खरा जवान सोफा बघायला येईल ना हो, न बघता पैसे कशाला देईल.

डिजिटल अरेस्ट खरंच असते का? पोलीस युनिफॉर्ममध्ये दिसत होते.

नसते. कायद्यात असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सुद्धा हेच सांगितलं होतं. पोलीस असोत, सीबीआय असो की ईडी, व्हिडिओ कॉलवर कुणी अटक करत नाही आणि ‘तपासणीसाठी पैसे या खात्यात ठेवा’ असं तर अजिबात म्हणत नाही.

याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एक काका आले, रिटायर, माझे नेहमीचे, दरवर्षी हयातीचा दाखला माझ्याकडेच करतात. त्या दिवशी नमस्कार नाही, काही नाही, शर्टाच्या खिशात मोबाईल उभा ठेवलेला, कॅमेरा बाहेरच्या बाजूला, आणि कानात वायर. एफडीच्या पावत्या झेरॉक्सला दिल्या. मी विचारलं काका एवढ्या सगळ्या कशाला, तर त्यांनी माझाच पेन घेतला आणि पावतीच्या मागे लिहिलं, ‘बोलू नका, पोलीस ऐकतायत.’ हात असा थरथरत होता की अक्षर वाचता येईना. त्यांच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, आधार त्यांचंच, असं सांगून त्यांना दोन दिवस कॉलवर ठेवलं होतं, झोपताना सुद्धा मोबाईल उशाशी चालू. मी काही शूर बिर नाही पण त्या क्षणी राग आला, काउंटरवरून वाकून तो फोन काढला आणि बंद केला. काका तिथेच स्टुलावर बसून रडले हो. घरात मुलगा, सून, नात सगळे होते आणि दोन दिवस कुणाला पत्ता नाही, कारण पलीकडच्या माणसाची पहिली अट ती होती, घरात सांगायचं नाही. नंतर मी जेवढ्या केसेस ऐकल्या त्यात ही अट कुठल्या ना कुठल्या रूपात होतीच. ‘कुणाला सांगू नका’ हे वाक्य ऐकलं की सगळ्यात आधी जो समोर दिसेल त्याला सांगा, दूधवाला असला तरी चालेल.

लग्नाची पत्रिका व्हॉट्सॲपवर आली, उघडत नाहीये, तुम्ही उघडून द्या ना?

देणार नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे, इन्स्टॉल झालं की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी सकट, दुसऱ्याकडे जाऊ शकतात. गाडीच्या चलनाच्या नावानं, बँकेच्या केवायसीच्या नावानं पण असंच येतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. आणि पाठवणारा तुमचा मामेभाऊच असला तरी त्याला साधा फोन करा, बऱ्याचदा त्याचा मोबाईल आधीच गेलेला असतो आणि त्याला पत्ताच नसतो. उघडून बसला असाल तर नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

तुम्हाला एवढं कळतं, तुम्ही कधी फसणार नाही ना?

फसलेय की. ४,३०० रुपये. एक पार्सल अडकलं होतं, गुगलवर त्या कुरियरचा कस्टमर केअर नंबर शोधला, पहिला दिसला तो लावला, तो म्हणाला पत्ता बदलायला ५ रुपये भरा आणि एक लिंक पाठवली. समोर चार गिऱ्हाईकं उभी, मी घाईत. संध्याकाळी मेसेज बघितले तेव्हा कळलं. आणि गंमत बघा, लोकांना दिवसभर सांगणारी मी, नवऱ्याला आठ दिवस सांगितलं नाही. लाज वाटली. म्हणून काकांवर हसायचा मला हक्क नाही. नंबर शोधायचा तर कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये, बिलावर किंवा कार्डाच्या मागे.

मित्र म्हणतोय खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो. देऊ का?

हा प्रश्न कॉलेजची पोरं विचारतात, तेही खूप निरागसपणे. अरे बाबा, वर ती पैशांची साखळी सांगितली ना, त्यातलं दुसरं-तिसरं खातं म्हणजे तुझं खातं. पैसे गेलेला माणूस तक्रार करतो, पोलीस आधी तुझ्या दारात येतात कारण नाव, आधार, सिम सगळं तुझं. पाच हजारासाठी वकील शोधत फिरशील. तुझ्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घे, संचार साथी नावाची सरकारी साइट आहे, मोबाईल नंबर टाकला की यादी येते, जे आपलं नाही ते तिथूनच कळवता येतं. फोन चोरीला गेला तर तो ब्लॉक करायची सोय पण तिथेच.

सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन मी आहे, कुणी काही टाकलं तर मला आत टाकतील का?

नुसतं ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरनं टाकलेल्या पोस्टला ॲडमिन जबाबदार नाही, दोघांचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण माणूस म्हणून काही आहे की नाही? आमच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगवरून ग्रुपवर एवढं जुंपलं की दोन घरांनी एकमेकांकडचं हळदीकुंकू सोडलं, समोरासमोरची दारं हो. समोर भेटले असते तर ‘जाऊ दे’ म्हणून मिटलं असतं, टाइप केलेलं मात्र राहतं, स्क्रीनशॉट निघतात, सासरी-माहेरी जातात. ॲडमिननं वेळीच उठून दोन्ही घरी चहा प्यायला हवा होता असं माझं मत. ॲडमिन मीच होते.

ग्रुपवर आलेलं खरं की खोटं कसं ओळखायचं?

पावसाळ्याचंच घ्या. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर एकच विचारतो, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं. कंबरेला, छातीला की गळ्याला. हे आपलं पिढ्यांचं मोजमाप. पण हल्ली तासाभरात ग्रुपवर मारुती बुडाल्याचा व्हिडिओ येतो, नीट बघितलं तर ऑगस्ट २०१९ च्या पुराचा, आणि पंचवटीतले दुकानदार बिचारे माल वर उचलायला पळतात. तेव्हा तारीख नसलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका, किती क्युसेक सोडलं ते प्रशासन सांगतं, आणि अगदीच काही नाही तर गोदाघाटावर ओळखीच्या कुणाला तरी फोन करा की.

हे पुराचं झालं, यात फार तर धावपळ होते. पण १ जुलै २०१८ आठवा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवरून पाच जणांना जमावानं ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षा मागणारी माणसं होती ती, बाजाराच्या दिवशी. त्या काळात मुलं पळवण्याचे मेसेज मोबाईलवर नुसते वाहत होते, आमच्याकडे पण आले होते आणि मी, खोटं कशाला बोलू, एक पुढे पाठवला होता, ‘काळजी घ्या’ लिहून. काळजीपोटीच पाठवला होता. व्हॉट्सॲपनं त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. दोन बाणांची खूण दिसली की तो मेसेज पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही, खूप हातांतून आलाय एवढं समजा.

मग ग्रुप सोडून द्यायचे का?

का म्हणून? रक्त हवं असेल तर सगळ्यात आधी ग्रुपच धावतो. २०२५ च्या शेवटी तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तोडायचं चाललं होतं तेव्हा लोक जमले ते मोबाईलवरूनच एकमेकांना सांगत. ग्रुप वाईट नाही हो, सकाळी सहाला येणारी गुलाबाची फुलं तेवढी कमी करा.

मुलाला मोबाईल कितव्या वर्षी द्यावा?

मला विचाराल तर जितका उशिरा तितका बरा, पण शाळेचा अभ्यासच ग्रुपवर येतो तर करणार काय. इन्स्टाग्रामचा स्वतःचाच नियम १३ वर्षांचा आहे आणि माझ्याकडे येणारी पाचवीतली पोरं जन्मसाल खोटं टाकून आत बसलेली. २०२५ पासून भारतात टीन अकाउंट आलंय, १८ च्या आतल्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, १६ च्या आतल्यांना सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण जन्मसालच खोटं असेल तर यातलं काही लागू होत नाही, म्हणून आधी ते दुरुस्त करा. आणि ‘चूक झाली तर मोबाईल काढून घेईन’ ही धमकी देऊ नका, कारण मग चूक झाल्यावर पोरगं तुम्हाला सोडून सगळ्यांना सांगेल.

मुलगा ऑनलाइन रमीत पैसे हरलाय.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून बंदी आणली. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, तेव्हा पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. अजून जे ॲप पैसे घेतंय ते चोरूनच चाललंय, जिंकलात तरी पैसे मिळतील याचा भरवसा नाही. आधी कर्ज किती आणि कुणाचं ते वहीवर लिहा, लोन ॲपचं असेल तर ते नंतर कॉन्टॅक्टमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करतात, तुम्हीच नातेवाइकांना आधी सांगून टाकलंत तर त्यांच्या हातात काही उरत नाही.

रात्री व्हिडिओ कॉल आला, रेकॉर्ड केलं, आता पैसे मागतायत. किंवा, मुलीचा फोटो बिघडवून पाठवलाय.

दोन वेगळे प्रश्न आहेत पण विचारताना आवाज तोच. पैसे देऊ नका, एकदा दिले की दर आठवड्याला मागतात. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि प्रोफाइलची लिंक लिहून ठेवा, मग ब्लॉक, मग १९३० आणि वर सांगितलेली सायबरक्राइमची साइट. बायका-मुलांच्या अश्लील फोटो-व्हिडिओची तक्रार तिथे नाव न देता सुद्धा करता येते, हे फार जणांना माहीत नाही. असे फोटो पसरू नयेत म्हणून स्टॉप एनसीआयआय नावाची मोफत सेवा आहे, १८ च्या आतल्यांसाठी टेक इट डाउन, फोटो तुमच्या मोबाईलमध्येच राहतो, त्याचा फक्त एक कोड तयार होऊन सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो. आणि त्या पोरीला ‘तू फोटो टाकलाच कशाला’ असं विचारू नका. जीव घाबरा होत असेल, नको ते विचार येत असतील तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

२०२७ च्या कुंभाला पाहुणे येणार, रूम ऑनलाइन बुक करू का?

पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे आणि मला विचारणा आत्तापासून सुरू आहे. प्रयागराजच्या २०२५ च्या कुंभात खोट्या बुकिंग साइट्सबद्दल पोलिसांना लोकांना सावध करावं लागलं होतं, इथे तसं होणार नाही असं समजायचं कारण नाही. तुम्ही तर नाशिकचे, स्कूटर काढा, हॉटेल जागेवर आहे का ते बघून या, मग पैसे भरा. बाहेरगावचे नातेवाईक बुक करणार असतील तर त्यांना सांगा आधी पत्ता आम्हाला पाठवा.

ताई, तुमचा पर्सनल नंबर द्या ना, रात्री-अपरात्री काही झालं तर?

नाही. एकदा दिला होता, पहाटे पाचला फोन आला, ‘ताई, स्टेटस दिसत नाहीये.’ रात्री काही झालं तर १९३० चालू असतो. मी सकाळी दहाला शटर उघडते, संध्याकाळी सातला बंद, सोमवारी दाखल्यांची गर्दी असते तेव्हा मंगळवारी या. आणि आत येऊन मोठ्यानं बोला, झेरॉक्स मशीनच्या आवाजात मला हळू बोललेलं ऐकू येत नाही.